फोन कोणी उचलायचा? एकाच मोडेमवर फॅक्स आणि डेटा कॉल घेण्याची मांडणी

नोव्हेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारं मेहबूबा मुफ्ती यांचं पत्र फॅक्सने राजभवनात पोहोचेना. राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर खुलासा केला, की ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कोणी नव्हतं. त्यावरून व्हायचा तो गदारोळ झाला. पण मोडेमशी, म्हणजे संगणकाचा डेटा फोनच्या सुरांत बदलणाऱ्या यंत्राशी, खेळलेल्या माणसाच्या डोक्यात आधी दुसराच प्रश्न येतो: फॅक्स घ्यायला माणूस लागतोच कशाला? एक जुनापुराणा संगणक, एक मोडेम आणि फोनची साधी लाइन एवढ्यावर हे काम नव्वदच्या दशकापासून आपोआप होत आलंय. शिवाय त्याच लाइनवर, त्याच मोडेमवर, दुसरा एखादा संगणक फोन लावून लॉगइनही करू शकतो; त्यालाच डेटा कॉल म्हणायचं.

आज हे कोणाला लागतं? भारतात फॅक्स जवळपास संपला. पण जर्मनी आणि जपानमधले दवाखाने, कचेऱ्या अजून तो वापरतात, अमेरिकेतली हॉस्पिटलंही. तिकडे आयटीत असलेल्या आपल्या मंडळींच्या गळ्यात कधी ना कधी एखादा फॅक्स सर्व्हर पडतोच. डेटा कॉलचं म्हणाल तर दूरच्या साइटवरचा राउटर बंद पडला आणि इंटरनेटही गेलं, की आत शिरायला मागचं दार हवं म्हणून नेटवर्कवाले राउटरच्या कन्सोलला, म्हणजे त्याला थेट आदेश द्यायच्या पोर्टला, मोडेम जोडून ठेवतात.

नव्वदच्या दशकात ज्यांनी ऑफिसात किंवा एसटीडी बूथवर दिवस काढलेत, त्यांना "फॅक्स टोन द्या" हे वाक्य पाठ असेल. लाइन एकच, तिच्यावर बोलणंही आणि फॅक्सही. समोरच्याने टोन मागितला की आपण स्टार्टचं बटण दाबायचं, शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर खाली ठेवायचा. एवढ्या छोट्या प्रसंगात माणसाने तीन निर्णय घेतलेले असतात. फोन उचलायचा का, समोर कोण आहे, आणि लाइन कोणाच्या हवाली करायची. मोडेमची सगळी मांडणी म्हणजे हे तीन निर्णय यंत्रांमध्ये वाटून देणं. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला निर्णय, म्हणजे फोन उचलण्याचा, मोडेमकडे देऊ नका. तो संगणकाकडे ठेवा. दुसरा मोडेमकडे, तिसरा पुन्हा संगणकाकडे. ही वाटणी चुकली की बाकीची सेटिंग्ज कितीही नीट केली तरी घोळ संपत नाही.

लाइनवर नेमकं काय चालतं

फॅक्स मशीन नंबर फिरवून थांबतं तेव्हा ते गप्प बसत नाही. अर्धा सेकंद ११०० हर्ट्झची शिट्टी, मग तीन सेकंद शांतता, परत शिट्टी, असं चालू ठेवतं. "मी फॅक्स बोलतोय" एवढाच त्याचा अर्थ. उचलणाऱ्या मशीनने उत्तरादाखल २१०० हर्ट्झचा तीनेक सेकंदांचा सूर द्यायचा आणि मग आपली कुंडली सांगायची: कोणत्या वेगाने घेऊ शकतो, बारीक छपाई जमते का, कागद केवढा. ही कुंडली सेकंदाला फक्त ३०० बिट्स एवढ्या संथ वेगाने जाते. मुद्दाम, म्हणजे खरखरणाऱ्या लाइनवरही ती पोहोचावी. मग पाठवणारा एक वेग निवडतो आणि दीड सेकंद नुसते शून्य पाठवून पाहतो. पलीकडे ते स्वच्छ पोहोचले तर "हं, चालू दे" असा निरोप येतो. नाही पोहोचले तर वेग उतरतो: १४,४०० वरून १२,०००, मग ९,६००, ७,२००, ४,८००, अगदी २,४०० पर्यंत. फॅक्स लागताना सुरुवातीला जी किरकिर दोन-तीनदा ऐकू येते, ती हीच घासाघीस.

पान कसं जातं तेही बघून घेऊ, कारण पुढे फायली उघडताना उपयोगी पडेल. पानाची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे १,७२८ काळे-पांढरे ठिपके. साध्या फॅक्सला एका मिलिमीटर उंचीत ३.८५ ओळी, बारीक फॅक्सला त्याच्या दुप्पट. ए-फोर पान २९७ मिलिमीटर उंच, म्हणजे साध्या फॅक्सच्या साधारण ११४३ ओळी आणि जवळपास वीस लाख ठिपके. ते जसेच्या तसे ९,६०० च्या वेगाने पाठवले तर साडेतीन मिनिटांच्या आसपास लागली असती. पण पत्राचं पान बहुतांशी पांढरंच असतं. "इतके ठिपके पांढरे, मग इतके काळे" असं आखूड संकेतांत लिहिलं की तेच पान अर्ध्या-पाऊण मिनिटात जातं. १९८० साली ठरलेल्या ग्रुप थ्री या मानकाची ही करामत, आणि आजही फॅक्स त्याच मानकावर चालतो.

आता डेटा मोडेम. इथे रिवाज उलटा. फोन लावणारा मोडेम बहुतेक वेळा तोंड उघडत नाही, आधी बोलतो तो उचलणारा. तोही २१०० हर्ट्झचाच सूर देतो, फक्त नव्या मोडेमांत दर ४५० मिलिसेकंदांनी तो सूर उलटा फिरवतात, म्हणजे एक्स्चेंजमधली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा बाजूला होते. त्यानंतर दोघं वेग ठरवतात.

गोंधळ कुठे होतो ते दिसलं का? फोन उचलला आणि ११०० हर्ट्झची शिट्टी ऐकू आली, तर प्रश्नच मिटला. शांतता असेल तर? समोर डेटा मोडेम असू शकतो. किंवा असं फॅक्स मशीन, ज्यावर माणसाने रिसीव्हर उचलून हाताने नंबर लावलाय आणि स्टार्टवर बोट ठेवून आपल्याच टोनची वाट पाहतोय. अशी मशीनं शिट्टी देतीलच असं नाही. म्हणून चांगले फॅक्स-मोडेम शिट्टीवर विसंबत नाहीत. ते आधी फॅक्सची कुंडली वाचून दाखवतात, उत्तर आलं नाही तर डेटाचा सूर लावतात. काही मोडेम याच्या उलट करतात. कोण किती सेकंद थांबतो हे कंपनीगणिक वेगळं. त्यामुळे तुमच्याकडे एकाचा डेटा कॉल लागतो आणि दुसऱ्याचा "नो कॅरिअर", म्हणजे पलीकडचा सूर मिळाला नाही, म्हणून तुटतो. यात बिचाऱ्या सर्व्हरचा दोष नसतो. कॉल करणाऱ्याच्या मोडेममध्ये एस-सात नावाची नोंद असते, सूर ऐकू येईपर्यंत किती सेकंद धीर धरायचा याची. ती वाढवून ९० केली की पुष्कळदा काम होतं.

मोडेम कोणता, आणि त्याच्याशी बोलायचं कसं

बाहेर ठेवायचा, सिरीयल केबलने जोडायचा, पुढे दिव्यांची रांग असलेला मोडेम मिळाला तर तोच घ्या. आतल्या स्लॉटमध्ये बसणारी स्वस्त कार्डं, ज्यांना विनमोडेम म्हणायचे, ती टाळा. त्यांच्यात मोडेमचा अर्धा मेंदू नसतोच, ते काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकललेलं असतं आणि लिनक्सवर ती बहुधा नुसती शोभेला राहतात. यूएसबी मोडेम घेताना तो लिनक्सवर टीटीवाय-एसीएम या नावाने दिसतो ना, एवढं पाहा. दिसला, म्हणजे तो साध्या सिरीयल मोडेमसारखा वागेल.

दिव्यांचा आग्रह कशाला? त्यातला "एए" अक्षरांचा दिवा म्हणजे ऑटो आन्सर. तो लागला असेल तर मोडेम रिंग ऐकून स्वतःच फोन उचलणार. आपल्याला तो विझलेला हवाय. "ओएच" म्हणजे फोन उचललेला आहे, "सीडी" म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर पकडलाय, "टीआर" म्हणजे संगणक जागा आहे. एखाद्या रात्री कॉल अडकला तर लॉग उघडण्याआधी या चार दिव्यांकडे नजर टाका, निम्मं निदान तिथेच होतं.

मोडेमशी बोलायची भाषा १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. प्रत्येक आदेशाची सुरुवात "एटी" ने. (इथे आदेश देवनागरीत लिहिलेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचे.) मिनिकॉम किंवा तसा एखादा टर्मिनल प्रोग्राम उघडा, योग्य पोर्ट निवडा, "एटी" टाइप करून एंटर दाबा. "ओके" आलं की मोडेम जिवंत आहे. काहीच आलं नाही तर बहुधा पोर्ट चुकलंय किंवा केबल. मग "एटी&एफ" म्हणजे कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर ये, आणि "एटीएस०=०" म्हणजे शून्य क्रमांकाच्या नोंदीत शून्य भर. ही नोंद म्हणजे किती रिंगनंतर स्वतःहून उचलायचं तो आकडा. शून्य म्हणजे कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, मोडेमने उचलला तर बिघडलं काय? बिघडतं असं, की संगणक बंद असो, अडकलेला असो, डिस्क भरलेली असो, मोडेमला त्याचा पत्ता नसतो. तो इमानदारीत फोन उचलतो, समोरच्याशी वेग ठरवतो आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसतात. पाठवणाऱ्याचं बिल चालू. संगणकाने उचलायचं ठरवलं तर संगणक नसताना रिंग नुसती वाजत राहते, पाठवणाऱ्याला "उत्तर नाही" कळतं, त्याचं मशीन थोड्या वेळाने आपसूक परत प्रयत्न करतं. दुसरा फायदा असा की उचलण्याआधी संगणकाला विचार करता येतो: आत्ता दुरुस्ती चालू आहे का, दुसरा कोणी याच मोडेमवरून बाहेर फोन लावतोय का.

आता "एटी+एफक्लास=?" हा प्रश्न मोडेमला विचारा. "०,१,२" असं काहीसं उत्तर येईल. शून्य म्हणजे डेटा, तो सगळ्यांना येतो. एक आणि दोन हे फॅक्सचे दोन प्रकार, आणि त्यांच्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. क्लास वनमध्ये मोडेम नुसता सूर काढतो आणि ऐकतो. कुंडली वाचणं, वेग ठरवणं, पानाची पोच देणं, हे सगळं संवादाचं काम संगणकातल्या प्रोग्रामने करायचं. वेळेचं बंधन कडक असतं. संथ निरोप संपल्यानंतर ७५ मिलिसेकंदांत पाठवणारा वेगाच्या बोलीवर येतो, तेवढ्यात घेणाऱ्यानेही कान बदलायचे. संगणक त्याच क्षणी भलत्याच कामात गुंतला तर फॅक्स तुटला. क्लास टूमध्ये हा संवाद मोडेम स्वतः सांभाळतो, संगणकाला थेट पानं मिळतात. यात आणखी एक भानगड: "२" हा मानक पक्कं होण्याआधीच्या मसुद्यावर बेतलेला, आणि "२.०" हा पक्क्या मानकाचा. दोन्हींचे आदेश वेगळे. जुन्या, मंद संगणकावर क्लास टू किंवा २.० केव्हाही बरा. आजच्या संगणकावर क्लास वनलाही अडचण येऊ नये, उलट मोडेमच्या फर्मवेअरमधले, म्हणजे त्याच्या आत बसवलेल्या प्रोग्राममधले, दोष त्याने टळतात.

समोर फॅक्स आहे की डेटा हा दुसरा निर्णय मोडेमकडे सोपवायचा, तो आदेश "एटी+एफएए=१". यानंतर मोडेमला "उचल" म्हटलं की तो वरची सगळी सुरावट स्वतः करतो आणि संगणकाला निकाल कळवतो. डेटा असेल तर "कनेक्ट", क्लास टूमध्ये फॅक्स असेल तर "+एफकॉन". पुढचा सगळा खेळ या दोन शब्दांवर.

संगणकाच्या बाजूने

लिनक्सवर यासाठी दोन नावं घ्यायची. एक हायलाफॅक्स, सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना सॅम लेफ्लर यांनी लिहिलेलं. ऑफिसभराच्या लोकांना फॅक्स पाठवायचे-घ्यायचे असतील, आलेला फॅक्स पीडीएफ करून ईमेलने पोहोचवायचा असेल, क्लास वनचा मोडेम असेल, तर ते घ्या. दुसरं एमगेटी, जर्मनीच्या गेर्ट ड्योरिंग यांचं. एक मोडेम, एक लाइन आणि दोन्ही प्रकारचे कॉल या आपल्या कामाला ते चपखल बसतं, म्हणून पुढचं त्याच्या अंगाने सांगतो.

एमगेटी सुरू झालं की मोडेमला जागं करतं, सेटिंग्ज देतं आणि गप्प बसतं. मोडेमकडून "रिंग" हा शब्द आला की मोजायला लागतं. ठरलेल्या संख्येला "एटीए" पाठवतं, म्हणजे उचल. मग "कनेक्ट" आलं तर पडद्यावर लॉगइनचा प्रश्न, "+एफकॉन" आलं तर फॅक्स घेण्याची तयारी. कॉल संपला की एमगेटी स्वतःही संपतं आणि प्रणाली त्याला पुन्हा उभं करते. पूर्वी हे "इनिटॅब" फायलीतल्या रिस्पॉनच्या एका ओळीने व्हायचं. आता सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेची, छोटी सर्व्हिस फाइल लिहायची आणि तिच्यात रीस्टार्ट कायम चालू ठेवायचं. संपून परत उभं राहण्याची ही रीत मुद्दाम आहे: दर कॉलनंतर मोडेमची नव्याने तपासणी होते, आधीच्या कॉलचा गाळ राहत नाही.

"एमगेटी डॉट कॉन्फिग" मध्ये फार काही लिहावं लागत नाही. पोर्टचं नाव, संगणक आणि मोडेममधला वेग, रिंगची संख्या, आणि फॅक्स-आयडी म्हणून आपला नंबर, जो पाठवणाऱ्याच्या मशीनच्या पट्टीवर उमटतो. तो वीस अक्षरांत बसवा आणि अंक, अधिक-चिन्ह, मोकळी जागा यापलीकडे काही घालू नका. रिंगच्या संख्येबद्दल: आपल्याकडची रिंग "ट्रिंग-ट्रिंग" अशी जोडीने वाजते. तुमचा मोडेम ती जोडी एक धरतो की दोन, हे लॉगमध्ये बघूनच आकडा ठरवा.

एकच मोडेम आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या कॉलांसाठी वापरायचा तर भांडण होणार. त्यावरचा तोडगा म्हणजे लॉक फाइल, आणि ती समजायला एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल आठवा. मोडेम वापरणारा प्रोग्राम ठरलेल्या फोल्डरात पोर्टच्या नावाची एक फाइल टाकतो, तिच्यात आपला प्रोसेस क्रमांक लिहितो, काम झालं की उचलतो. रुमाल दिसला की बाकीचे थांबतात. रुमाल आहे पण माणूसच उतरून गेलाय, म्हणजे त्या क्रमांकाची प्रोसेस मेलेली आहे, तर एमगेटी तो बेधडक काढून टाकतं. खरी पंचाईत तेव्हा, जेव्हा दोन प्रोग्राम वेगवेगळ्या फोल्डरांत लॉक ठेवतात. मग मिनिकॉमने बाहेर फोन लावलेला असतो, एमगेटीला काही दिसत नाही, आणि दोघं एकाच मोडेमशी एकदम बोलायला लागतात. "मधूनच कॉल तुटतो, कारण सापडत नाही" या तक्रारीत आधी हे तपासा.

डेटा कॉल आला, मग

संगणक आणि मोडेममधला वेग एकच ठेवा, समजा १,१५,२०० बिट्स, आणि लाइनवर काय वेग लागतो याच्याशी त्याचा संबंध जोडू नका. मोडेम मध्ये डेटा साठवून दोन्ही वेगांचा मेळ घालतो. त्यासाठी "थांब, माझं पोट भरलं" हे सांगायला तारेवरचे दोन वेगळे संकेत लागतात, आरटीएस आणि सीटीएस. हे हार्डवेअर नियंत्रण चालू नसेल तर छोटे निरोप नीट जातात आणि मोठी फाइल पाठवली की मधली अक्षरं गायब. केबलमध्ये या तारा असल्याच पाहिजेत. तीन तारांची जुगाड केबल इथे चालत नाही.

५६ हजारांच्या मोडेमला ५६ हजारांचा कॉल येईल ही आशा सोडा. तो वेग मिळायला एक टोक थेट डिजिटल लाइनवर लागतं, जसं इंटरनेट कंपन्यांकडे असायचं. दोन्ही बाजूंना घरातली साधी लाइन असेल तर कमाल ३३,६००. कन्सोलवर चार आदेश द्यायला ९,६०० सुद्धा भरपूर.

आणि आता ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते. "एटी&सी१" म्हणजे पलीकडचा सूर असेल तेव्हाच कॅरिअरचा संकेत दाखव. "एटी&डी३" म्हणजे संगणकाने आपला डीटीआर संकेत, म्हणजे "मी तयार आहे" ही खूण, सोडला की फोन ठेव आणि स्वतःला मूळ स्थितीत आण (काही मोडेमांना "डी२" मानवतं, ते नुसता फोन ठेवतात). हे दोन आदेश राहून गेले तर काय होतं बघा. एखादा जण फोन लावून लॉगइन करतो. मध्येच त्याची लाइन तुटते. मोडेम संगणकाला सांगतच नाही, की माणूस गेला. त्याचं सत्र उघडंच. पाच मिनिटांनी भलत्याच कोणाचा कॉल लागतो आणि पासवर्ड न विचारता तो थेट आधीच्या माणसाच्या खात्यात उभा. डायल-इनच्या जमान्यातलं हे जुनं दुखणं, आणि आजही कुठल्या तरी कन्सोलला लावलेल्या, कोणाच्या लक्षात नसलेल्या मोडेममध्ये ते सापडू शकतं. बसवल्यावर हे मुद्दाम करून पाहा: लॉगइन करा, फोनची वायर ओढा, परत जोडून पुन्हा फोन लावा. पासवर्ड विचारला गेलाच पाहिजे.

फोन नंबर गुप्त आहे म्हणून दार सुरक्षित आहे असं समजू नका. ओळीने नंबर फिरवत कुठे मोडेम उचलतो ते शोधणारे प्रोग्राम ऐंशीच्या दशकापासून आहेत, आणि तुमच्या फायरवॉलला फोनची लाइन दिसतच नाही. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, थेट लॉगइन बंद ठेवा. "लॉगइन डॉट कॉन्फिग" या फायलीत कोणत्या नावाने कोणी आलं तर काय सुरू करायचं ते ओळीओळीने लिहिता येतं, तिथेच अनोळखी नावांची बोळवण करा. पलीकडून पीपीपी, म्हणजे फोनच्या लाइनवरून नेटवर्क जोडायची भाषा, बोलणारा संगणक आला तर त्याच्यासाठी याच फायलीत ऑटोपीपीपीची ओळ आहे. यूयूसीपीसाठीही, म्हणजे संगणकांनी एकमेकांना फोन लावून ईमेल आणि फायली देण्याच्या जुन्या पद्धतीसाठीही, सोय आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि आयआयटी यांच्यात ईमेलची देवाणघेवाण अशाच डायल-अप कॉलांवर सुरू झाली होती, तेव्हा ही वाट अगदीच परकी नाही.

फॅक्स आला, मग

आलेली पानं "स्पूल" खालच्या फॅक्सच्या "इनकमिंग" फोल्डरात पडतात, एका पानाची एक फाइल. नावाची पहिली दोन अक्षरं पाहा. "एफएन" असेल तर साधा फॅक्स, "एफएफ" असेल तर बारीक. पुढे एक क्रमांक, पाठवणाऱ्याचा आयडी आणि शेवटी पानाचा आकडा. साधा फॅक्स तसाच चित्रात बदलला तर अक्षरं दाबल्यासारखी बुटकी दिसतात. आडवे ठिपके इंचाला २०४ आणि उभ्या ओळी ९८ असल्यामुळे तसं होतं. रूपांतर करताना उंची दुप्पट करायची, बस. पण फायलीत नुसता काळा-पांढरा कचरा दिसत असेल तर पानाच्या बिट्सचा क्रम उलटा येतोय. काही मोडेम ही खोड करतात, त्याची दुरुस्ती सेटिंगमध्येच आहे.

फॅक्स पूर्ण झाला की एमगेटी "न्यू_फॅक्स" नावाची स्क्रिप्ट चालवतं. ती तुम्ही लिहायची. पीडीएफ करा, ईमेल करा, छापा, काहीही. माझा सल्ला एवढाच, की मूळ फाइल स्क्रिप्टमध्ये लगेच पुसू नका; रूपांतर फसलं तर ती एकच प्रत असते.

मोडेम उचलत नसेल, तर "एमजी_" ने सुरू होणारी लॉग फाइल उघडा आणि तपशिलाची पातळी वाढवा. "रिंग" दिसतच नसेल तर गडबड वायरीत किंवा मोडेममध्ये. रिंग दिसते, "एटीए" जातो आणि मग "नो कॅरिअर", तर सुरावट जुळत नाही. फॅक्सची दोन पानं येऊन तिसऱ्यावर तुटत असेल तर घरात पॅरलल फोन कुठे आहे ते शोधा. कोणीतरी रिसीव्हर उचलून "हॅलो?" म्हटलेलं असतं. कॉल वेटिंगही बंद करून घ्या, तिची ती पीप चालू कॉलमध्ये घुसते. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की मोडेमची फोनची वायर काढून ठेवा, कारण वीज विजेच्या तारेतून जितकी येते तितकीच फोनच्या तारेतूनही येते, आणि प्लगला लावलेला स्टॅबिलायझर ती वाट अडवत नाही.

फायबर आल्यावर

तांब्याची लाइन जाऊन घरात फायबर आलं असेल, तर त्या डब्यालाही मागे फोनचं पोर्ट असतं. डायल टोन येतो, रिंग वाजते, म्हणून मोडेम तिथेच लावायचा मोह होतो. पण आत फोन राहिलेला नसतो, आवाजाचे तुकडे करून इंटरनेटच्या पाकिटांत भरलेले असतात. माणसाच्या कानाला मधले २० मिलिसेकंद हरवल्याचं कळतही नाही. १४,४०० ने येणाऱ्या फॅक्सचे तेवढ्यात २८८ बिट्स जातात. त्यात डब्याने आवाज आणखी दाबायची जी.७२९ सारखी पद्धत लावली असेल तर संपलंच, ती माणसाच्या आवाजासाठी बेतलेली आहे, मोडेमच्या सुरांचा ती चुथडा करते.

फॅक्सपुरता यावर इलाज आहे. टी.३८ नावाचं मानक, १९९८ पासूनचं. त्यात डब्यानेच फॅक्सचे सूर ऐकून त्यांचा अर्थ काढायचा आणि आवाजाऐवजी तो अर्थ पाकिटांतून पाठवायचा, पलीकडच्या टोकाला परत सूर. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांनी ते चालू ठेवलेलं असेल तर फॅक्स सुखरूप जातो. ग्राहक सेवेला फोन करून "टी.३८ आहे का" विचारलंत तर बहुधा पलीकडे शांतता पसरेल, पण विचारा. नसेल तर डब्याला आवाज न दाबणारी जी.७११ पद्धत लावायला सांगा आणि मोडेमचा फॅक्सचा वेग ९,६०० वर बांधून टाका.

डेटा कॉलला टी.३८ चा उपयोग नाही. तिथे "एटी+एमएस" या आदेशाने मोडेमला २,४०० च्या व्ही.२२बिस या जुन्या, संथ मानकावर अडकवून ठेवा, कन्सोलपुरतं ते टिकून राहतं. आणि मोडेम जर खरोखर मागचं दार म्हणून ठेवायचा असेल, तर तो फायबरच्या डब्याला लावण्यात अर्थ नाही. इंटरनेट गेलं की तो फोनही गेलेला असतो. त्या एका साइटसाठी तांब्याची लाइन सुरू ठेवा, आणि तीही मिळत नसेल तर मोडेम काढून सिम घालायचा एलटीई कन्सोल सर्व्हर बसवा.